तुलनेचं रक्त

१२ जानेवारी, शहापूर
मिळाली बाई नोकरी! लॅब छोटीशी, पण चकचकीत. गुरांच्या देवीची लागण माणसाला होऊन गेली का, ते रक्तावरून इथे तपासतात. प्लेटला मेलेला विषाणू चिकटवलेला असतो. अंगात प्रतिपिंडं असली की रंग पिवळा होतो. मेलेला काय चावणार? अगदी सुरक्षित काम. तुलनेला दर वेळी लागण झालेल्या माणसाचं रक्त लागतं, ते हेमंत सर स्वतः आणतात. मुलाखतीत त्यांनी माझ्या दंडावर देवीच्या लसीचा वण शोधला. म्हटलं, सर, ती लस माझ्या जन्माआधीच बंद झाली. भलतेच खूश झाले! राहायला मागची खोली आहे. माझी लेक भूमिका सध्या आईकडे, खर्डीला. सात वर्षांची बया रोज फोनवर भांडते, मला कधी नेणार म्हणून.

१५ जानेवारी
मागे म्हैस आहे, सरांनी म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून आणलेली. नव्या माणसानं धार काढायची, ही इथली रीत. सडांवर खपल्या दिसल्या. राखण करणारी सकुबाई म्हणाली, गोचीड चावलेत, तुमी खुशाल दूध काढा. काढलं.

२६ जानेवारी
बोटांवर टरारलेले फोड, काखेत गाठ, ताप. सरांनी माझंच रक्त प्लेटवर चढवलं. पिवळंजर्द! नाचायचेच बाकी होते. सकुबाईच्या दंडावर लसीचा वण आहे, तिला लागण होत नाही. म्हणून मी हवी होते. नालायक माणूस!

३० जानेवारी
दाराला कडुलिंब, बाहेरून कडी. देवी आली की आतल्या माणसानं बाहेर जायाचं नाय, म्हणाली सकुबाई, आणि खरंच माझ्या पाया पडली. मोबाईलही नेला. सर रोज सुई टोचतात. मी मरेन म्हटलं. म्हणाले, यानं कुणी मरत नाही.

१४ फेब्रुवारी
शीर सापडत नाही. सर वैतागले. रक्त पाणचट झालं म्हणे, आता दुसरं माणूस बघायला हवं. घरी कोण कोण असतं, विचारलं. तापात मी — लेकीचं नाव सांगितलं का मी? देवा —

१६
माझ्याच मोबाईलवरून, दाराबाहेर उभं राहून, आईला फोन केला त्यांनी. रुपा लेकीला बोलावतेय म्हणून.

१७
दाराच्या फटीतून दिसतेय, अंगणात भूमिका. आई कुठाय विचारतेय. सर म्हणतात, आधी धार काढायला शिक, मग आई भेटेल. मी किंचाळतेय, पण बसलेला आवाज तिला ओळखू येत नाही. सकुबाई बाहेरून हात जोडून म्हणतेय, देवी घुमतेय, घुमू द्या.
हसतेय भूमी. म्हैस आवडली तिला —
भूमी, नको गं, हात लावू —