मथळ्यातून काढलेले उंदीर

प्रिय आत्या,

टीव्हीवर नव्या औषधाची बातमी ऐकून तू हृदयाच्या गोळ्या बंद केल्यास, हे मला कळलं. ते नवं औषध अजून फक्त उंदरांवर तपासलंय. आमच्या संस्थेतून ती बातमी परदेशी वर्तमानपत्रांना गेली आणि तिथून आपल्या टीव्हीवर आली. "मथळ्यात उंदीर घातलेस तर बाहेर कुत्रं विचारणार नाही," साहेब म्हणाले. मी उंदीर काढले.

सकाळी फोनवर तुला समजावायला गेले, तर म्हणालीस, "घरात तू एकटी शिकलीस, आणि तुझाच बातमीवर विश्वास नाही? कोणा जाणत्या माणसाने लिहिली असेल ना ती?"

मीच लिहिली, हे तोंडातून निघालं नाही.

तुला वाचता येत नाही आणि हे शेजारणीने वाचून दाखवायला नको, म्हणून हे पत्र टपालात न टाकता दुपारच्या गाडीने मीच निघतेय. समोर बसून सांगेन. माझ्यावरचा विश्वास उडाला तरी चालेल, गोळी मात्र घे.

तुझी,
भाची