दगडी बाकावरचा विसावा

प्रिय बाबा,

"अगं, आपण तिरडी वाटेत टेकवतो ना, तसा विसावा यांच्याकडेही असतो!" इंग्लंडहून आल्यावर तुम्ही मला म्हणाला होतात. मी शाळेत होते. तुमचं जहाज तिथे दुरुस्तीला लागलं होतं आणि जवळच्या खेड्यातलं जुनं चर्च तुम्ही पाहून आला होतात. उद्या सकाळी तुमच्या अस्थी समुद्रात सोडायच्या आहेत. त्याआधी त्या वाक्याचं पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको?

किती रंगून सांगितलं होतंत! बुटका चौकोनी मनोरा, गारगोटीच्या भिंती, आत उलट्या होडीच्या सांगाड्यासारखं लाकडी छत. "मी इंजिनरूममधला माणूस, पण त्या सुताराला मनात सलाम केला." आणि आवाराच्या फाटकावर कौलारू छप्पर, त्याखाली लांबट दगड. धर्मगुरू सामोरे येईपर्यंत शवपेटी त्यावर टेकवायची.

तुम्हाला मात्र आम्ही कुठेच टेकवलं नाही. इथे परदेशात खांदा नसतो, गाडी असते. ती हॉस्पिटलमधून निघाली ती थेट स्मशानात. वाटेत थांबवा म्हणून आई रडत होती. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या कुटुंबाची वेळ ठरलेली आहे.

तेव्हापासून अस्थींचा तांब्या आमच्या बेडोकच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये तुळशीशेजारी. आईचं एकच, "विसावा न देता पाठवलं त्यांना. आता तसंच पुढे ढकलू? मी नाही सोडणार."

तुमची ती गोष्ट आठवून मी म्हटलं, इथल्या एखाद्या चर्चमध्ये विसावा देऊ. "आपल्याला चालतं का गं ते?" आईने विचारलं.

तुमची नात म्हणाली, "आजी, आजोबांना आवडायचं ना? कॅन, लाह! चालतंय की!"

आज दुपारी गेलो. इंग्रजांच्या काळातलं, पांढरं, टोकदार कमानींचं चर्च. फाटकावर छप्पर नव्हतं, दगडही नव्हता. माझा चेहराच उतरला. पण दाराबाहेरच्या पोर्चमध्ये, जाड भिंतींना लागून, दोन्हीकडे दगडी बाक होते. तिथल्या रखवालदाराला विचारलं. त्याने तांब्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. "सिट, आंटी. नो हरी."

आईने तांब्या बाकावर ठेवला. "अहो, बसा जरा. जन्मभर घरात पाय ठरला नाही तुमचा!" आणि हसली, बाबा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

उठताना तांब्या तिने उचलला नाही. खांदेकरी बदलतात तसा मला उचलायला लावला. "चल, आता सोडू त्यांना."

तिचं मन मोकळं झालं. आणि माझं? तांब्याचं वजन हातात आलं तेव्हा कळलं, इतके दिवस मी तिच्या हट्टाआड लपून बसले होते.

उद्या बोटीवर मला सावरायची वेळ आईवर येऊ देणार नाही. तांब्या मीच रिकामा करीन, हे वचन.

जहाज सुटायची वेळ झाली की मी कितीही बिलगले तरी तुम्ही थांबत नव्हतात. तरीही विचारते, बाबा, आणखी एक दिवस राहाल का?

तुमची,
मिनू