एस म्हणजे स्पोर्ट

७ जानेवारी १९७९, रविवार

तांबडीचे चारही टायर गेले. नखानं दाबलं तर खूण उठत नाही – नुसतं लाकूड झालंय. बगलेत भेगा, उन्हाळ्यात टाचा फुटतात तशा. गणपतराव सरकार वारल्यापासून नऊ वर्षं गाडी ठोकळ्यांवर उभी. दर शनिवारी मी पुसायचो, वर कापड टाकायचो. पण रबर बसून बसूनच म्हातारं होतं. माणसासारखंच.

बाळासो – सरकारांचे एकुलते एक – आज मोटारखान्यात आले. म्हणाले, "काका, चार फेब्रुवारीला मद्रासजवळ शोलावरमला शर्यत हाय. विमानांची जुनी धावपट्टी. तांबडी न्यायची."

म्हटलं, इंजिन मी उभं करतो. टायर कुठनं आणणार? विलायती, दोन दारांची, वाऱ्यासारखी पळणारी गाडी. इथं मिळतात ते ॲम्बेसिडरचे, नाहीतर उसाच्या बैलगाडीचे.

"मुंबईतनं मागवतो. तुम्ही निवडशिला तेच घालायचं."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

९ जानेवारी, मंगळवार

धोंडुबाई म्हणते, "गोल असला की झालं न्हवं? टायर काय नि टायर काय." चाळीस वर्षं मोटारखान्याच्या मागच्या खोलीत माझ्याबरोबर संसार केला, आणि हे.

तिला सांगितलं नाही, इथं लिहितो. चोपन्न साली सरकारांचे एक पाहुणे हातकणंगल्याच्या सरळ रस्त्यावर गाडी पळवायला गेले. मी मागच्या गाडीत. भर वेगात टायरवरचा पट्टा केळाच्या सालीसारखा सोलून निघाला. गाडी उसात. बाहेर काढलं तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. जीवही नव्हता.

आणि बाळासोला तर मी मांडीवर बसवून गाडी शिकवली. स्टेअरिंग त्याच्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली. त्याला वाटायचं आपणच चालवतोय. काय तो आनंद तोंडावर! तेव्हा अरे-तुरे करायचो. मिशा फुटल्यावर अहो-जाहो सुरू केलं. मालकाचा मुलगा, तसंच पाहिजे.

१२ जानेवारी, शुक्रवार

मुंबईच्या दलालानं ट्रकमधनं दोन संच पाठवले, चार-चार टायरांचे. वकिलातीतल्या साहेब लोकांच्या गाड्यांसाठी आलेला माल, लिलावात निघालेला. एक ठेवायचा, एक परत करायचा.

माप एकच. नक्षी जवळजवळ एकच. फरक एका अक्षराचा. एकावर मापापुढं एस, दुसऱ्यावर एच.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. बारा वर्षांचा असताना पागेत घोड्यांना खरारा करायचो. मोटारी आल्या तसा मोटारखान्यात आलो. सरकारांनी टायरवर बोट ठेवून ठेवून एबीसीडी शिकवली – डी डनलॉपचा, एफ फायरस्टोनचा. मराठी मग दुकानांच्या पाट्यांवरनं, एसटीवरनं. ही वही लिहितोय ती त्याच जोरावर. लोक पोथी वाचतात, मी टायर वाचतो.

दोन्ही संचांवरनं हात फिरवला. एचचं रबर हाताला जास्त बरं लागलं – मऊ, पण चिवट. चांगलं मळलेलं पीठ लागतं तसं. पण अक्षर स्पष्ट आहे की. एस म्हणजे स्पोर्ट. एच म्हणजे हेवी, ओझ्याच्या गाडीचा. शर्यतीच्या गाडीला ओझ्याचा टायर कोण घालतं?

एस ठरवला.

१३ जानेवारी, शनिवार

तात्या मास्तरांचा यज्ञेश्वर आला होता. सांगलीच्या कॉलेजातनं इंजिनिअर झालाय, गावातल्या उद्यमनगरात शेड टाकलीय. बाळासोंचा दोस्त. पाचवीत होता तेव्हा सायकलचं पंक्चर काढायला माझ्याकडं यायचा. आता खिशाला दोन पेनं लावून येतो.

टायर बघितले आणि म्हणाला, "काका, एस नको. एच घ्या. ते अक्षर म्हणजे–"

"मला अक्षर शिकवतोस?"

"तसं नाही काका, त्याचा एक तक्ता असतो."

"तक्ता तुझ्या शेडात टांग. तुला बापानं पाटीवर शिकवलं. मी टायरवर शिकलोय. टायरवरची अक्षरं तरी मला सोड."

जरा मोठ्यानंच बोललो. माळी बघत राहिला. यज्ञेश्वर बाळासोंकडं बघायला लागला, बाळासो यज्ञेश्वरकडं. मग बाळासो म्हणाले, "यज्ञा, ऱ्हाऊ दे. काका म्हणतील ते."

जिंकलो म्हणायचं. पण दिवसभर तोंड कडू आहे. हात चालतात तोवर मिस्त्री, हात थरथरले की अडाणी. पन्नास वर्षांचं माप शेवटी हेच.

१४ जानेवारी, संक्रांत

यज्ञेश्वर तिळगूळ घेऊन आला. बरोबर घडी केलेला कागद. "काका, एवढं वाचा."

उघडला. मोठी मोठी, सुटी सुटी अक्षरं – पहिलीतल्या पोराला गिरवायला देतात तशी. पहिली ओळसुद्धा वाचली नाही. मिटला आणि या वहीत दाबून टाकला. त्याच्या देखत.

"गोड बोला," म्हणाला. मी पाठ फिरवली.

तो गेल्यावर धोंडुबाई – "पोरानं गोड दिलं, तुमी तोंड का कडू केलंसा?"

१९ जानेवारी, शुक्रवार

एसचे चारही टायर चढवले. माझ्या हातानं. पूर्वी एका चाकाला पाव तास लागायचा, आज चार चाकांना दुपार गेली. खडूनं आतल्या बाजूला लिहून ठेवलं – पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. कुणी चाकं काढलीच तर अदलाबदल नको.

एचचा संच यज्ञेश्वर टेम्पोत घालून त्याच्या शेडात घेऊन गेला. तिथनं मुंबईला परत धाडणार. भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्याचं गप्प बसणंच सलतंय.

२५ जानेवारी, गुरुवार

तांबडी आज पहिल्या दणक्यात सुरू झाली. बाळासो गावाला गेलेत. बघायला मी एकटाच.

३१ जानेवारी, बुधवार

सकाळी सहाला गाडी निघाली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. बाळासो पाया पडले. वर तोंड केलं तेव्हा डोळ्याला डोळा दिला नाही. म्हटलं, शर्यतीची धास्ती असंल.

"चला की काका मद्रासला."

"कंबर धरलीय. नको."

दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गेलो असतो.

फाटकातनं बाहेर पडून तांबडी कागलच्या रस्त्याला लागायची – मद्रासला तोच जातो – ती गावाकडं वळली. पेट्रोल भरायचं असंल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्मा पुसायला काही सापडेना. वहीतला यज्ञेश्वरचा तो कागद काढला. पुसून झाल्यावर वाचला.

जसाच्या तसा उतरवतो –

"एस : ताशी १८० किलोमीटरपर्यंत. एच : ताशी २१० पर्यंत. हे अक्षर फक्त वेगाचं आहे, स्पोर्टचं किंवा ओझ्याचं नाही. धावपट्टीवर तांबडी दोनशे गाठते. तेवढ्या वेगात एसचा पट्टा सुटू शकतो. काका, अक्षर राहू दे. तुमच्या हाताला कोणता बरा लागला तेवढं सांगा. – यज्ञेश्वर"

माझ्या हाताला एच बरा लागला होता. हाताला कळलं होतं. मी अक्षराचं ऐकलं – मला अक्षर येतं हे चारचौघांना दिसावं म्हणून.

केळाची साल.

परवा शर्यत. यज्ञेश्वरच्या शेडात फोन आहे. बाळासो कुठं उतरलेत ते त्याला ठाऊक असंल. चपला घालतो.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

रिक्षा मिळाली नाही. उद्यमनगरापर्यंत चालत, अर्धं पळत. शेडात शिरलो तर धाप लागून बोलता येईना. यज्ञेश्वरनं लेथ बंद केला.

कोपऱ्यात चार टायर रचून ठेवले होते. वरच्यावर खडू. माझं अक्षर. मागचं उजवं.

मी बघतोय हे त्यानं बघितलं.

"बुधवारी सकाळी इथं आणून बदलले, काका. एच बसवून दिलेत. बाळासो येताना परत थांबून हेच चढवणार होता, मग घरी. म्हणाला, काकांना कळता कामा नये."

त्यानं चहा मागवला.

जीव भांड्यात पडला, हे आधी लिहितो. तेच मोठं आहे. पण त्यानंतर जे आत जळायला लागलं ते अजून विझत नाही. "काका म्हणतील ते" – त्या शब्दावर तीन आठवडे मिशीला पीळ देऊन फिरलो. स्टेअरिंग माझ्या हातात दिलं होतं. ब्रेक दुसऱ्याच्याच पायाखाली.

कुणाकडनं शिकला हे, ते मी विचारायची सोय नाही.

निघताना यज्ञेश्वरला म्हटलं, "हाताला एचच बरा लागलता."

"मला वाटलंच होतं," म्हणाला. त्या पोरावर मी वीस दिवस दात खाल्ले.

४ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी बंगल्यावर ट्रंककॉल. बाळासो. दुसरा नंबर. सुखरूप. "काका, तुमच्या टायरांनी राखलं बघा."

म्हटलं, "येताना उद्यमनगरात थांबू नको. सरळ घरला ये."

खरखरीतनं बारीक आवाज आला – "व्हय, काका."