वजन घटवायच्या गोळ्या

सिरसाळा

दादा, नमस्कार.

माझं ईमेल खातं कुणीतरी हॅक केलतं. त्यातून सगळ्यांना मेल गेला, 'तुमची आठवण येते', अन् खाली वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात. मी पासवर्ड बदलला. दुकानाच्या गिऱ्हाइकांना, सोयऱ्यांना कळवलं की हे माझं न्हाई, उघडू नका. तुलाबी कळवणार होतो, तेवढ्यात तुझं उत्तर आलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आपलं बोलणं तुटलं त्याला सहा वर्षं झाली, अन् तू लिहिलंस, "मलाबी येते. पण गोळ्या कावून पाठवल्या? माझं वजन आधीच लई उतरलंय."

गोळ्या माझ्या न्हाईत, दादा. खरं तर वरची ओळबी माझी नव्हती. ते तुला कळवायला हात धजंना. हे पत्र न धाडता इथंच ठेवतो अन् रविवारी मीच येतो.

तुझा धाकटा,
बजरंग