रात्रीच्या जेवणानंतरची पुडी

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

हे होते तेव्हा आमच्या औषधांच्या दुकानात आम्ही दोघं चहा पीत गोळ्यांच्या पुड्या बांधायचो. आता पुड्या मशीन बांधतं, गोळी घ्यायची वेळही तेच छापतं. आज शेजारच्या शांताकाकूंकडे डोकावले, तर बीपीच्या पुड्या तशाच पडलेल्या.

"काकू, ह्या का नाही घेतल्या?"

"वैनी, वर लिवलंय रात्री जेवणानंतर. आमी जैन, दिवस मावळला की पाणीबी पीत न्हाई. मग घ्यायची कवा? मशीनला इचारा."

हसू आलं. घरी येऊन ह्यांना सांगावंसं वाटलं. डॉक्टरांना फोन केला. दिवसाउजेडी घेतली तरी चालेल म्हणाले.

उद्या दुकानातल्या सुनीताला सांगायचं: काकूंच्या पुड्यांवर 'दिवस मावळायच्या आत' असं छाप. माझ्याही बीपीच्या पुड्या तशाच कर, पण माझ्याकडे देऊ नकोस. काकूंकडे ठेव. मी रोज तिथे जाऊन त्यांच्यासोबत घेईन.