साडूचा संशय आणि पाच सेंटचं तिकीट

४ जून
लखोटा आला. १८४७ सालचा, वर अमेरिकेचं पहिलंवहिलं पाच सेंटचं तपकिरी तिकीट. सुटी तिकिटं कुणीही जमवतं. ज्या लखोट्यावरून प्रवास केला त्यावरच अजून बसलेलं तिकीट, हे खरं घबाड. संकल्प: नम्र राहायचं. साडूला एकदाच दाखवायचं.

५ जून
दाखवलं. भिंगसुद्धा मागितलं नाही पठ्ठ्याने. चहा पीत पीत म्हणाला, लखोटा जुना आहे, पण तिकीट मागाहून डकवलेलं वाटतंय. याच्या स्वतःकडे काय, तर फुलपाखरांची तिकिटं. हिला सांगितलं तर म्हणते, भावजी गंमत करतात, तुम्हीच मनाला लावून घेता. बहिणीच्या नवऱ्याचीच बाजू घेणार ही.

६ जून
टपालाच्या शिक्क्याची शाई तिकिटावरून लखोट्यावर सलग उतरलीय. शेंबड्या पोरालाही दिसेल. जळतो मेला.

९ जून
रविवारी आमच्या तिकीट-संग्राहक क्लबचं प्रदर्शन, लखोटा स्पर्धेत ठेवतोय. परीक्षक बाहेरचे. आज साडू सेक्रेटरीच्या कानाला लागला आणि दोघं हसले. माझ्याबद्दलच, दुसरं काय. आता पुरावाच तोंडावर फेकतो. तिकीट मागाहून डकवलं असेल तर शिक्का त्याच्या खालीही असेल. खाली कोरं निघालं की विषय संपला.

१० जून, सकाळ
किटलीच्या वाफेवर फक्त एक कोपरा उचलणार. माझा हात म्हणजे सर्जनचा हात.

दुपार
कोपरा उठला. खाली कोरं. सिद्ध झालं. पण साडू उरलेल्या तीन कोपऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून तेही उचलले. तिकीट चिमट्यात. खाली कागद स्वच्छ. आता परत बसवायचं, एवढंच राहिलं.

संध्याकाळ
बसवलं. केसाएवढा फरक असेल. ही म्हणाली, मला चष्म्याशिवायही दिसतोय. चष्मा नाही म्हणूनच दिसतोय.

१४ जून, रविवार
परीक्षकांनी भिंग लावलं. म्हणाले, तिकीट अस्सल, शिक्का अस्सल, लखोटा अस्सल. मी साडूकडे बघितलं. छाती फुगली होती.

मग म्हणाले, पण हल्लीच कुणीतरी तिकीट काढून पुन्हा चिकटवलंय, शाईची रेघ जुळत नाही. दीडशे वर्षांहून जास्त टिकलेली जोडी फुकट घालवली. स्पर्धेतून बाद. वर विचारलं, हे कुठल्या गाढवाचं काम?

साडूने वाफेने भाजलेल्या माझ्या बोटांकडे बघितलं. मी हात खिशात घातला. तो परीक्षकांना म्हणाला, आधीच्या मालकाने केलं असणार. यांचा जीव आहे त्या लखोट्यावर, हे असलं कधी करायचे नाहीत.

सगळ्यांना पटलं. सेक्रेटरीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

साडूने मला वाचवलं. हे मी त्याला जन्मात माफ करणार नाही.