बारा मेचे पट्टकादंब

४ जानेवारी, नांदेड
पक्षीमंडळाच्या अध्यक्षांचा फोन. मंडळाच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या आहेत. "मॅडम, तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला वेळच वेळ." खरंय. दिवसभरात हा एकच फोन.
फाइल माझ्याच पेन ड्राइव्हवर सापडली. कॉलेजात शिकवत असताना प्राणिशास्त्राच्या लॅबमधल्या संगणकावर मीच टाइप केलेली. पक्षी, संख्या, जागा, तारीख, कुणी पाहिला.

५ जाने.
फाइल चढवली. निम्म्याहून जास्त ओळी परत. लाल अक्षरांत एकच वाक्य सगळीकडं: तारीख वाचता आली नाही.
२३/१. १४/१२. यात न वाचण्यासारखं काय आहे?
लातूरहून धाकट्या बहिणीचा, रुखसानाचा फोन. "आपा, एकटी काय करून राहिली तिथं? इकडं ये ना." म्हटलं, काम आहे. "कसलं काम आता?" सांगितलं. हसली. मग तिच्याकडं पाहुणे आले.

७ जाने.
सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन. मुलगी चांगली होती. "मॅम, जुन्या कॉम्प्युटरला अमेरिकन तारखांची सवय असेल. तो आधी महिना वाचतो, मग दिवस."
म्हणजे २३/१ हा त्याच्या लेखी तेविसावा महिना. असा महिनाच नाही, म्हणून ओळ अडली. ठीक.
विचारलं, मग बारापर्यंतच्या तारखा? त्या तर मुकाट्यानं गेल्या.
"त्याच तपासा मॅम. दिवसाचा महिना झाला असेल, महिन्याचा दिवस. एररच येत नाही, म्हणून कळत नाही."
फोन ठेवला. काहीतरी आठवत होतं, ते आठवू नये असं वाटत होतं.

८ जाने.
ओळ ४०७. पिवळी खूण: ऋतूबाहेरची नोंद.
पट्टकादंब, ४१, इस्लापूरजवळचं तळं, १२ मे. पाहणारी: सुमन.
चहा केला. प्यायलाच नाही.

९ जाने.
लिहूनच काढते.
सुमनताई इस्लापूरकडची. चार एकर कापूस-हरभरा, शिक्षण सातवी. शेताला लागून तळं. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, तेव्हा ही बाई बांधावर बसून बदकं मोजत होती. मीच तिला वही दिली, पक्ष्यांची नावं शिकवली. सहा वर्षं दर महिन्याला ती वही घेऊन नांदेडला यायची. माझ्या घरी जेवायची. मी तिच्या घरी राहायचे. तिच्याइतकं कुणाशी बोलले नाही कधी.
मग ती वार्षिक बैठक. आठ वर्षं झाली. माझ्या हातात छापील यादी, हॉल भरलेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सुमनताई, पट्टकादंब हे हंस, हिवाळी पाहुणे. बारा मेला कुठून आले? मेमध्ये तुमच्या तळ्यात पाणी तरी असतं का? पुस्तकातलं चित्र बघून लिहिलं का?"
लोक हसले. मीही हसले असेन.
ती म्हणाली, "वहीत बघा की, म्याडम." मी बघितलं नाही. पुढच्या नोंदीवर गेले. ती उठली अन् गेली. वही टेबलावरच राहिली. पुन्हा आली नाही. मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा केला नाही. मनात म्हटलं, चूक तिची, राग मात्र तिलाच.
वही कपाटात आहे. आठ वर्षं उघडली नाही.

१० जाने.
उघडली.
"५-१२. हरभऱ्याला पाणी देताना. डोक्यावर दोन काळे पट्टे. ४१, दोनदा मोजले. म्याडमला सांगायचे."
त्याखाली ९-१२. त्याखाली १४-१२. पाच डिसेंबर. मे महिन्यात कुणी हरभऱ्याला पाणी देतं का?
टाइप मीच केलं होतं, ५/१२. संगणकानं त्याचं बारा मे केलं. मी कागद खरा धरला, बाई खोटी.

१२ जाने.
सगळ्या तारखा दुरुस्त करून राहिले, एकेक वहीवरून. ओळ ४०७ तेवढी सोडली.
तिचा जुना नंबर लावला. अस्तित्वात नाही म्हणे.

१५ जाने.
सकाळच्या एसटीनं इस्लापूरला निघाले. भोकरला गाडी अर्धा तास थांबली, उतरून पाणी घेतलं, वाटलं इथूनच मागं फिरावं. बसून राहिले.
घरी सुमनताईची सून होती, मला ओळखत नव्हती. "आत्या कापूस वेचायला गेल्यात. तुमी कोण?" मी म्हटलं, नांदेडची. शेतात गेले.
सुमनताईचे केस पांढरेशुभ्र झालेत. मला पाहिलं, अन् पुन्हा वेचायला लागली. मी ओळीच्या कडेला उभी राहून सगळं सांगितलं. संगणक, महिना आधी, दिवस नंतर. किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक.
ती म्हणाली, "म्हंजे तवा म्या खरंच लिवलं व्हतं."
"हो."
"ते मला ठावंच हाय, म्याडम. तुमाला आत्ता कळलं."
 म्हटलं, चूक मशीनची, पण बोलले मी. माफ करा.
"मशीन न्हाई हसलं तवा."
मी वेचू लागले. बोंडाच्या काट्यांनी बोटं सोलली. एक ओळ संपवली. मग मीच विचारलं, पक्षी मोजता का अजून?
"बघते. मोजत न्हाई."
पंचवीस तारखेला बैठक आहे म्हटलं. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही या. ती हाव म्हणाली नाही, न्हाईही म्हणाली नाही. निघताना सुनेनं भाकरी बांधून दिली. "आत्यांनी सांगितलं," म्हणाली. सुनेचा नंबर घेतला.
परतीच्या गाडीत खिडकीशी बसून भाकरी खाल्ली. घरी आले तर दारात सकाळचा पेपर तसाच.

१८ जाने.
ओळ ४०७: ५ डिसेंबर. चढवली. हिरवी खूण. एका सेकंदात.

२५ जाने.
बैठक. ती आली नाही. दारापाशी सव्वा अकरापर्यंत उभी होते.
मी उठून सांगितलं. कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलं. अकरा जण होते. त्या वेळचे फक्त दोघं, अध्यक्ष अन् आणखी एक. अध्यक्षांनी विचारलं, "कोण सुमनताई?" आठवेचना त्यांना. मग म्हणाले, "छान, तांत्रिक चूक दुरुस्त झाली," अन् चहा आला. एका मुलीनं तेवढं विचारलं, "एक्केचाळीस? एकाच वेळी?" मी म्हटलं, हो, दोनदा मोजलेत.
ज्यांच्यापुढं तिला मान खाली घालायला लावली असं मी आठ वर्षं धरून चालले होते, ते केव्हाच विसरून गेले होते. फक्त आम्हा दोघींना आठवतं.

२६ जाने.
दुपारी सुनेच्या नंबरवर फोन. म्हटलं, आत्यांना द्या. मागं कोंबड्यांचा आवाज. मग फोनवर सुमनताईचा श्वास.
सांगितलं, काल सगळ्यांसमोर बोलले. कोण होतं, कोण नव्हतं तेही सांगितलं. कुणाला आठवत नव्हतं हेही. लपवलं नाही.
"बरं," म्हणाली.
  मागं कोंबड्या ओरडत राहिल्या. विचारणार होते, यंदा तळ्यावर काय काय आलंय. शब्द तोंडाशी आले तेवढ्यात फोन बंद झाला. तिनं ठेवला की रेंज गेली, कळलं नाही.
पुन्हा लावून राहिले. लागत नाही.